सुई कशाने उडते

सोमवार, ३ तारीख

या डायरीच्या ओळी उजवीकडे किंचित वर चढतात. पट्टी लावून बघितलं, खरंच चढतात. कारखान्याने निरोपाला दिलेली डायरी, वर सोनेरी अक्षरांत कारखान्याचं नाव आणि आत वाकड्या ओळी! माझ्या हाताखालून गेली असती तर तिथल्या तिथे बाद केली असती. पण आता माझ्या हाताखालून काहीच जात नाही. काचेतला बुडबुडा, मानेवरची चीर, बुडाचा फुगवटा, हे सगळं मी धावत्या पट्ट्यावरच्या बाटलीत नुसत्या नजरेने टिपायचो. आता त्यांनी तिथे कॅमेरा बसवलाय. टिपू दे बापड्याला. त्याची निदान पाठ तरी दुखणार नाही.

ही बहिणीकडे गेलीय. थोरल्या मेव्हणीबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यांना उठवायला-बसवायला घरचं माणूस हवं. जाताना "आठ-दहा दिवसांत येते" म्हणाली होती. ते दिवस केव्हाच उलटून गेले. काल फोनवर विचारलं, कधी येतेस, तर म्हणाली, "बघू." बघू म्हणजे काय? गुडघा काय जन्मभर बरा व्हायचा नाही?

घरात करमत नाही. अजिबात करमत नाही, खोटं कशाला लिहू. सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत आणि त्या खोलीतून या खोलीत. जायच्या आदल्या दिवशी ही बॅग भरता भरता म्हणाली, "तुम्ही घरी बसल्यापासून मला घरात जागाच उरली नाही." आता याला काय म्हणायचं? मी एकटा माणूस, तोही काटकुळा. मी अशी किती जागा खातो?

बुधवार, ५

कपाटाच्या वरच्या खणात पांघरूण शोधत होतो, तर मागून खोकं निघालं. हिच्या माहेरच्या रेकॉर्डी. त्या वाजवायचं जुनं यंत्र आमच्या लग्नानंतर लवकरच बंद पडलं आणि मी ते काढून टाकलं. तरी ही अधूनमधून खोकं खाली घेते, एकेक रेकॉर्ड पुसते आणि परत ठेवून देते. मी म्हणायचो, वाजत नाहीत तर पुसतेस कशाला? ती पुढची पुसायला घ्यायची.

आज एकदम डोक्यात आलं, एक टर्नटेबल आणावं. ही दारात पाऊल टाकेल आणि आत तिचंच गाणं लागलेलं असेल. मग कशी 'बघू' म्हणते तेच बघतो. तिला आत्ता काही सांगायचं नाही.

लगेच बाजारात गेलो. दुकानदाराने केस मागे बांधून पोनी घातलेली. माणूस बोलका, बोलायला लागला की थांबत नाही. मी म्हटलं, स्वस्तातलं दाखवा. त्याने आधी सूटकेससारखं मिटणारं एक दाखवलं आणि स्वतःच बाजूला सारलं. "काका, हे दिसायला गोंडस, पण याची सुई जड बसते. रेकॉर्डी खरवडून खाते. त्यापेक्षा हे साधं घ्या. याच्या सुईच्या दांड्याला मागे वजन आहे, ते फिरवून सुईचा भार कमीजास्त करता येतो." हे ऐकून मला बरं वाटलं. ज्यात काही जुळवता येतं ती वस्तू माझी. स्पीकरही त्यानेच दिले, कोणाचे तरी वापरलेले. एकाच्या कोपऱ्याचा पोपडा निघालाय. दाखवला तर म्हणाला, "काका, ते आवाजात ऐकू येत नाही." मला दिसतो ना पण!

गुरुवार, ६

सबंध दिवस जुळवाजुळवीत गेला. बऱ्याच दिवसांनी दिवस कसा गेला ते कळलं नाही.

पुढच्या खोलीतल्या बुटक्या कपाटावर टर्नटेबल ठेवलं. खिडकीपासून लांब, कारण उन्हाने रेकॉर्ड वाकते. स्पीकर दोन बाजूंना स्टुलांवर, कपाटावर नाहीत, कारण त्यांचा हादरा सुईला पोचतो. मग सपाटी बघायची लेव्हलची नळी ठेवली, तर तिच्यातला बुडबुडा डावीकडे पळाला. कपाटाच्या एका पायाखाली पुठ्ठा घातला, तर उजवीकडे पळाला. पुठ्ठ्याचा एक पदर सोलून काढला तेव्हा कुठे स्वारी मधोमध आली.

मग दांडा. मागचं वजन पुढेमागे फिरवत राहायचं, दांडा हवेत आपोआप तरंगेपर्यंत. वर जाऊ नये, खाली बसू नये. तो तरंगला तेव्हा मी श्वास धरून बघत उभा होतो. हे असं काही बघितलं की शेजारच्या माणसाला कोपराने ढोसून दाखवावंसं वाटतं, आणि शेजारी कोणी नव्हतं. तिथून पुढे कागदावर दिलेल्या आकड्यापर्यंत वजन फिरवून सुईला भार दिला.

रेकॉर्ड लावली. आवाज नाही. तारा तपासल्या, स्पीकर तपासले, पोनीवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. शेवटी वाकून बघितलं तर सुईवरची प्लॅस्टिकची टोपी तशीच. कपाळावर हात मारला. मोठा तपासनीस!

टोपी काढली आणि गाणं लागलं. भरल्या गळ्याची कुणी बाई गात होती. मी खूश होऊन स्वयंपाकघरात चहा टाकायला निघालो आणि मागे सुई टुणकन उडाली.

रविवार, ९

उडतेच आहे. कधी सुरुवातीला, कधी मध्येच. मी उठून जवळ जाऊन बघतो तर आणखी उडते. डोक्याला ताप झालाय.

सगळं पुन्हा तपासलं. बुडबुडा मधोमध. वजन बरोबर. सुई मऊ ब्रशने मागून पुढे साफ केली, कधीही पुढून मागे नाही. रेकॉर्डी कडेला धरून एकेक पुसल्या, बोट खाचांना लागू दिलं नाही. पुसता पुसता दिव्याखाली तिरक्या धरून तपासल्याही. सवयच ती. चांगल्या उजवीकडे, बाद डावीकडे. संध्याकाळपर्यंत डावीकडचा ढीग मोठा झाला. निळ्या पाकिटातली एक तर फारच वाईट, आडवा चरचरीत ओरखडा आहे. इतक्या वर्षांत हिने पुसल्या, पण तपासल्या नाहीत.

हिचा फोन आला. जेवलात का, औषध घेतलं का, नेहमीचंच. मध्येच म्हणाली, "चालताय ना तुम्ही?"

"फोनवर बोलताना मी चालतो, तुला माहीत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली.

कधी येतेस विचारलं. "ताईला अजून जिना उतरता येत नाही." मेव्हणीबाईंना जिना उतरून कुठे जायचंय म्हणे? तोंडावर आलं होतं, गिळलं.

सोमवार, १०

सुईच्या डोक्यावर एक नाणं चिकटवलं. भार वाढला की उडणार नाही, साधा हिशेब आहे. थोडं कमी झालं. पण आवाज दबल्यासारखा येतोय आणि रेकॉर्डीवर बारीक काळी भुकटी दिसते. मन खातंय. स्वस्त वस्तू घेतली हेच चुकलं की काय? ही येईल आणि तिच्यासमोर सुई उडेल. ती काही बोलणार नाही, नुसती बघेल. ते बघणं मला नको आहे.

गुरुवार, १३

खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई वर आल्या. हातात कात्री तशीच. मी घाबरलोच.

"अहो, तुमच्या पायाला भिंगरी लागलीय का? दिवसभर धप्प धप्प, धप्प धप्प! माझ्या मशीनवरचा दिवा असा हलतो की टाका कुठे घालायचा तेच दिसत नाही. सुनेच्या कामात सासूने ढवळाढवळ करावी तसं चाललंय तुमचं."

मी म्हटलं, बाई, मी माझ्या घरात चालतो. त्या म्हणाल्या, "चाला ना, पण कुठेतरी पोचा!" आणि धापा टाकत खुर्चीवर बसल्या. नजर टर्नटेबलवर गेली. "हे काय आणलंत?" मग काय, मला तेच हवं होतं. त्यांना बजावून सांगितलं की सुई उडते, हसायचं नाही, आणि एक रेकॉर्ड लावून मीही समोर बसलो. पाहुणा बसलेला असताना आपण उभं राहणं बरं दिसत नाही.

सबंध बाजू वाजली. एकदाही उडाली नाही! बाई डोळे मिटून ऐकत होत्या, कात्री मांडीवर. संपल्यावर म्हणाल्या, "माझा दिवा आज पहिल्यांदा स्वस्थ लटकला असेल."

"नाण्याचा परिणाम," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे जरा बघत राहिल्या. "हो, नाण्याचाच असणार," म्हणाल्या आणि गेल्या. त्यांना दारापर्यंत सोडायला उठलो तर दुसरी बाजू लगेच उडाली. दार उघडलं की वारा येतो, त्याचं असेल. उद्या दाराच्या फटी बुजवतो.

शुक्रवार, १४

फटी बुजवल्या. उडतेच आहे. हात टेकले.

सोमवार, १७

सापडलं!

झालं असं की शनिवारी कपाट दुसऱ्या भिंतीला सरकवायला गेलो आणि पाठीत उसण भरली. उभं राहवेना. दोन उशा घेऊन खुर्चीत पडून राहिलो, हाताशी टर्नटेबल. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून रेकॉर्डीमागून रेकॉर्डी लावल्या. एकही उडाली नाही. एक त्या निळ्या पाकिटातली सोडून. ती दुसऱ्या गाण्यात एकाच जागी दोन शब्द गाळून पुढे जाते. ती ओरखड्यामुळे, ते वेगळं. बाकी सगळ्या सुरळीत. नाणं काढलं, तरी सुरळीत.

आज जरा बरं वाटलं म्हणून उठून खिडकीशी गेलो आणि टुणकन!

पावलं! आमची जमीन लाकडी फळ्यांची, जुनी. माणूस चाललं की फळी दबते, फळीवरचं कपाट हलतं, कपाटावरची सुई उडते. दहा दिवस मी सगळ्या जगाला तपासत होतो. स्वतःला तपासायचं राहिलं. पण शेवटी मीच शोधून काढलं ना? कॅमेऱ्याला जमलं असतं?

मग रीतसर तपासणी. एकेका फळीवर पाय देऊन सुई बघितली. जी फळी दबली की सुई उडते तिच्यावर खडूने फुली मारली. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत बऱ्याच निघाल्या, पण फुल्या चुकवत, जरा वळसा घालून, भिंतीच्या कडेकडेने नीट जाता येतं. हिला काहीच जड जाणार नाही. हिचं चालणं मुळातच हलकं. ही घरात आहे की नाही ते कळत नाही, एकदम मागे येऊन उभी राहते आणि मीच दचकतो. मी रात्रपाळीला होतो तेव्हा दिवसा झोपायचो, तेव्हापासून तिला ते जमलंय.

आता थांबवत नाही. संध्याकाळी फोन करून सगळं सांगून टाकतो.

मंगळवार, १८

काल फोन केला. काय बिनसलं तेच समजत नाही.

आधी टर्नटेबलचं सांगितलं. "खरंच?" म्हणाली. आवाज असा होता की मला वाटलं आता बॅगच भरायला घेईल. "माझ्या रेकॉर्डी लागतात?" मी म्हटलं, लागतात म्हणजे काय, आणि सुई कशाने उडते ते शोधून काढण्यात माझे कसे नाकी नऊ आले ते सगळं सांगितलं. ती हसलीसुद्धा, नाण्याला.

मग मी म्हटलं, "आता तू ये. फळ्यांवर खुणा करून ठेवल्यात. रेकॉर्ड चालू असताना तेवढ्या फळ्यांवर पाय द्यायचा नाही, बस. तुला तर सवयच आहे."

 मला वाटलं फोन कटला.

"आणि रेकॉर्डी तपासल्यात," मी म्हटलं. "अर्ध्याहून जास्त बाद. ती निळ्या पाकिटातली तर टाकूनच देऊ, दोन शब्द खाते."

"ती टाकू नका."

"अगं पण—"

"टाकू नका म्हटलं ना." मग अगदी हळू आवाजात, "अहो, मी इथेच बरी आहे. ताईची मुलंही म्हणतायत राहा म्हणून. मला जरा दिवस राहू द्या."

किती दिवस, विचारलं. म्हणाली, माहीत नाही. 'बघू'सुद्धा नाही, 'माहीत नाही'.

माणसाने हौसेने काही करायला जावं आणि तोंडावर दार आपटून घ्यावं. राग आला. एवढा राग आला की फुल्यांची पर्वा न करता तरातरा चालत राहिलो. खालून बाईंनी छताला काठी ठोकली. रागाच्या आत काहीतरी दुसरंच आहे, त्याची भीती वाटते. ती आलीच नाही तर?

शुक्रवार, २१

पोरीचा फोन. ती नोकरीच्या गावी असते, तिला सगळ्यांच्या बातम्या असतात. आईशी बोलणं झालं असणार. थेट म्हणाली, "बाबा, आईला फुल्यांचं काय सांगितलंत?"

मी सगळं समजावून सांगितलं. फळी, कपाट, सुई. तिने ऐकून घेतलं.

"बाबा, आई मावशीकडे टाचेच्या चपला घालून घरभर फिरते. मी फोन केला की फटक फटक ऐकू येतं. आणि गुणगुणत असते. आपल्या घरात तिचं पाऊल मी कधी ऐकलं नाही."

"त्यांच्याकडे फरशी आहे," मी म्हटलं. "फरशीवर आवाज होतोच."

"बाबा!" पोरगी ओरडली. मग थकल्यासारखी म्हणाली, "हो. फरशी आहे. त्यामुळेच असेल." आणि ठेवून दिला.

मी काय चुकीचं बोललो? लाकडावर आणि फरशीवर आवाजात फरक पडतोच की.

दिवसभर ते 'फटक फटक' डोक्यातून जात नाही.

शनिवार, २२

पोनीवाल्याकडे गेलो. म्हटलं, जमीन दबते, काय करू? तो म्हणाला, "मग जमिनीवर ठेवताच कशाला? भिंतीला टांगा. दोन ब्रॅकेट, वर एक जाड फळी. भिंत थोडीच चालते, काका!"

साधी गोष्ट. चालणाऱ्याला थांबवण्यापेक्षा सुईलाच जमिनीवरून उचलायचं. मला का सुचलं नाही?

संध्याकाळी भिंतीला ड्रिल मारायचं म्हणून खोलीतला गालिचा गुंडाळला. खडूच्या फुल्याही पुसून टाकाव्यात म्हणून ओलं फडकं घेऊन गुडघ्यांवर बसलो. खडूबरोबर वर्षानुवर्षांचा मळही निघाला आणि काही फळ्यांच्या कोपऱ्यात लाल रंगाचे ठिपके दिसले.

ते माझेच. रात्रपाळीच्या काळातले. करकरणाऱ्या फळ्या कुठल्या ते हिला कळावं म्हणून मीच ब्रशने लावले होते. लग्न नवीन होतं. माझी झोप मोडते म्हणून. ही हसली होती तेव्हा आणि तिने ठिपके चुकवत लंगडी घातल्यासारखी चालून दाखवलं होतं. मी रात्रपाळी सोडली त्यालाही जमाना झाला. ठिपके मी विसरूनच गेलो होतो.

गालिचा खोलीच्या मध्यापुरताच. पुढे दारापर्यंत आणि मागे स्वयंपाकघरापर्यंत फळ्या उघड्याच असतात. दिवा खाली घेऊन तिरका धरला, बाटलीवर धरतात तसा. ठिपक्यांच्या फळ्यांवरचं पॉलिश जसंच्या तसं आहे, चकचकीत. मधून जाणारी सरळ वाट, जिथून माणूस सहज चालेल, ती कोरी करकरीत. आणि भिंतीच्या कडेच्या अरुंद फळ्या झिजून पांढऱ्या पडल्यात. दारापासून भिंतीकडेने, वळसा घालून, कपाटाला अंग घासून, स्वयंपाकघरापर्यंत. माझी पावलं कुठेही पडतात, आणि इतकी वर्षं मी दिवसभर कारखान्यातच असायचो. ही झीज माझी नव्हे.

माझी नजर कधी चुकली नाही म्हणून मी फुशारकी मारतो. ही जमीन रोज माझ्या पायाखाली होती.

बराच वेळ जमिनीवरून उठवलं नाही. पाठीचं दुखणं नव्हतं ते. रडू आलं, लिहून टाकतो.

सोमवार, २४

ब्रॅकेट ठोकले. एक भोक चुकलं, भिंतीत तसंच राहिलंय, दिसतं. वर जाड फळी, फळीवर टर्नटेबल. बुडबुडा, वजन, सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग रेकॉर्ड लावून खोलीभर चाललो. नाही उडाली. पाय आपटले. नाही उडाली. मग खोलीच्या मधोमध ठिपक्यांच्या फळीवर उड्या मारल्या. करकर करकर झाली, पण सुई जागची हलली नाही.

खालच्या बाई वर आल्या, या खेपेस कात्रीशिवाय. दारातून मला उड्या मारताना बघितलं. मी सगळं सांगितलं. त्या ठिपक्यांकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या घरात दोन माणसं राहतात, पण छतातून मला एकच ऐकू यायचं. मला वाटायचं, त्या बाहेरच असतात जास्त."

मग म्हणाल्या, आता उड्या पुरे.

ठिपके टर्पेंटाइनने घासून काढले. डावीकडचा बाद ढीग उचलून उजवीकडच्यात मिसळला. आता कुठली कुठली ते मलाही सांगता येणार नाही.

गुरुवार, २७

तीन दिवस फोन उचलतोय आणि ठेवतोय. आज केला. खुर्चीत बसून केला.

"खुणा पुसल्या," मी म्हटलं.

"खडूच्या ना? बरं केलंत."

"लालही."

तिकडे मागे मेव्हणीबाईंची काठी टकटकत गेली.

"भिंतीवर फळी ठोकलीय. आता कोणी कसंही चाललं तरी सुई उडत नाही. मी उड्या मारून बघितल्या."

"तुम्ही? उड्या?"

"खालच्या बाईंना विचार."

ती हसली, पण लगेच थांबली. "तुम्ही बसून बोलताय का?" विचारलं. हो म्हटलं. मला म्हणायचं होतं, ये, तुझ्यावाचून घर खायला उठतं.  त्याऐवजी एवढंच म्हटलं, "करमत नाही गं."

ती म्हणाली, "रविवारी येते. माझे गरम कपडे राहिलेत, ते न्यायचेत. सोमवारी सकाळच्या बसने परत."

कपडे न्यायला. ठीक आहे. येते तर आहे.

सोमवार, ३१

कालचं आज लिहितोय.

ही दुपारी आली. मी निळ्या पाकिटातली रेकॉर्ड लावून ठेवली होती. दुसरी कुठलीही लावता आली असती, चांगल्या पुष्कळ आहेत, पण तिने टाकू नका म्हटलं होतं ती हीच. दार लोटलेलं होतं. जिन्यात पावलं वाजली आणि मला ओळखू आली नाहीत. तिची पावलं कशी वाजतात ते मला ठाऊकच नव्हतं.

पायात टाचेच्या चपला. खांद्याची पिशवी तिने दारातच टाकली. गाणं ऐकून उभी राहिली. मग भिंतीकडे वळली. डावा पाय कडेच्या फळीकडे गेला, सवयीने. तिथे थबकली. खाली बघितलं, जिथे ठिपका असायचा तिथे नुसती घासलेली जागा. माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीतच होतो, हात गुडघ्यांवर.

ती मधल्या फळीवरून सरळ आली. करर्र, करर्र. प्रत्येक फळी बोंबलली. खोलीच्या मध्यावर येऊन तिने मुद्दाम एक पाय आपटला. सुई हलली नाही.

"खरंच की," ती म्हणाली आणि तशीच फटक फटक स्वयंपाकघरात गेली. पाणी प्यायल्याचा आवाज. भांडं जागेवर ठेवलं नाही, बाजूला ठेवलं, ते मला बसल्या जागेवरून ऐकू आलं.

दुसरं गाणं सुरू झालं. तो ओरखडा जवळ येत होता. इतके दिवस मी ती जागा आली की उठून सुई उचलायचो. पायांनी आपणहून उठायची तयारी केली. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो.

स्वयंपाकघरातून ती गायला लागली. चक्क मोठ्याने. मी तिला असं गाताना कधी ऐकलं नव्हतं. ओरखडा आला, सुईने दोन शब्द गाळले आणि पुढे गेली. हिनेही तेच दोन शब्द गाळले, सुरात, न अडखळता, आणि सुईबरोबर पुढे गेली.

गाणं संपल्यावर दारात येऊन उभी राहिली. "लहानपणी भावाच्या हातून सुई घसरली होती. आम्ही सगळी भावंडं ते गाणं तसंच शिकलो. पूर्ण कसं आहे ते मला माहीतसुद्धा नाही."

 "छान गातेस," म्हटलं.

"अहो, दुसरी बाजू लावा ना," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. ओढली, उचलली नाही. जमिनीवर रेघ उमटली. मी उठलो आणि धप्प धप्प चालत गेलो.

आज सकाळची बस गेली. मी काही विचारलं नाही. ही खाली शिवणकामवाल्या बाईंकडे गेलीय, दोघींचं हसणं फळ्यांतून वर येतंय. पिशवी अजून दारातच आहे, वाकडी, अगदी वाटेत. सकाळपासून दोनदा तिला अडखळलो. असू दे.